माणूस चुकतो, मग भाव बरोबर कसा? बाजाराच्या कार्यक्षमतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत दर रविवारी सकाळी भरणाऱ्या आमच्या अभ्यासवर्गात हळदीचे अडते येतात, तासगावकडचे द्राक्ष बागायतदार येतात, निवृत्त शिक्षक येतात आणि अलीकडे मोबाइलवर ऑप्शनचे, म्हणजे भाव चढेल की उतरेल यावर पैसे लावणाऱ्या करारांचे, व्यवहार करणारी तरुण मुलेही येतात. त्यांचे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत असले, तरी बहुतेक एकाच ठिकाणी येऊन थांबतात: माणसे लोभाने आणि भीतीने वागत असतील, तर त्यांच्या व्यवहारांतून निघालेल्या भावावर विश्वास ठेवावा का? त्यांपैकी वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची शक्य तितकी नेमकी उत्तरे येथे दिली आहेत.

बाजार ‘कार्यक्षम’ आहे, या म्हणण्याचा नेमका अर्थ काय?

बाजार कार्यक्षम आहे म्हणजे तेथे व्यवहार झटपट होतात किंवा तेथे फसवणूक होत नाही, असा अर्थ नाही. उपलब्ध असलेली माहिती भावात आधीच उतरलेली असते, त्यामुळे त्याच माहितीच्या बळावर इतरांपेक्षा सातत्याने जास्त नफा मिळवता येत नाही, एवढेच हे विधान आहे.

लहानपणी वडिलांबरोबर मी हळद घेऊन मार्केट यार्डात जात असे. एका वर्षी आमच्या हळदीला वाळवण कमी पडली होती. खरेदीदाराने ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचे एक हळकुंड वर काढले आणि दोन्ही अंगठ्यांनी मोडले. ते खट्कन न तुटता किंचित वाकले. त्याने तोंडाने काहीच म्हटले नाही, पण त्याची बोली खालून आली आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या बोल्याही त्याच्या मागोमाग खालूनच आल्या. वडिलांनी वाळवणीबद्दल कोणालाही काही सांगितले नव्हते. तरी दहा मिनिटांच्या आत ती गोष्ट भावात उतरली होती. माहिती भावात उतरते म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. त्याला नाव आहे हे बऱ्याच वर्षांनी समजले.

शिकागो विद्यापीठाचे युजीन फामा यांनी १९७० मध्ये या कल्पनेची नीट मांडणी केली आणि तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. दुर्बल रूपात मागील भावांची सर्व माहिती आजच्या भावात असते, म्हणून केवळ आलेख पाहून फायदा होत नाही. अर्धसबल रूपात ताळेबंद, बातम्या, सरकारी निर्णय अशी जाहीर झालेली सगळी माहिती भावात असते. सबल रूपात तर कंपनीच्या आतल्या मोजक्या माणसांना ठाऊक असलेली गुपितेही भावात आलेली असतात. ‘बाजार कार्यक्षम आहे का’ असे विचारणाऱ्याने आधी कोणत्या पायरीबद्दल विचारतो आहोत हे ठरवावे. निम्मे वाद तेथेच मिटतात.

आतली गुपितेही खरोखर भावात असतात का?

नसतात. ७ जानेवारी २००९ या दिवशी सत्यम कंप्युटर्सच्या अध्यक्षांनी कंपनीच्या हिशेबातील रोख रक्कम मोठ्या प्रमाणावर खोटी असल्याची कबुली पत्राने दिली. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांवर असलेला शेअर त्या दिवशी सुमारे ४० रुपयांवर बंद झाला. सबल रूप खरे असते, तर अनेक वर्षे चाललेली ती बनवाबनवी भावात आधीच दिसली असती. मात्र पत्र जाहीर झाल्यावर भाव ज्या वेगाने कोसळला, तो वेग अर्धसबल रूपाच्या बाजूने साक्ष देतो.

एकेक माणूस चुकतो, तर सगळ्यांचा मिळून निघालेला भाव बरोबर कसा असेल?

फ्रान्सिस गॅल्टन यांनी १९०६ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनातील एका स्पर्धेची नोंद घेतली. एका बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन लोकांनी ओळखायचे होते. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांतला मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड भरले. चिठ्ठी टाकणाऱ्यांत खाटीक आणि शेतकरी होते, तसेच जनावरांशी संबंध नसलेलेही बरेच होते. कोणी वजन जास्त धरले, कोणी कमी धरले आणि त्या चुकांनी एकमेकींना खोडून काढले.

शेअर बाजारातील याहून बोलके उदाहरण २८ जानेवारी १९८६ चे आहे. त्या दिवशी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. यानाच्या बांधणीत चार मोठ्या कंपन्यांचा हात होता. त्या दिवसअखेर इतर तिघींचे शेअर सुमारे तीन टक्क्यांच्या आसपास उतरले, परंतु घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचा शेअर जवळजवळ १२ टक्के उतरला. दोष त्याच रॉकेटच्या सांध्यातील रबरी कड्यात होता, हे अध्यक्षीय चौकशी आयोगाच्या अहवालातून जाहीर झाले ते जूनमध्ये. बाजारातल्या कोणाही एकाला त्या दिवशी कारण निश्चित ठाऊक होते असा पुरावा मिळालेला नाही; अनेकांजवळच्या तुटक समजुती भावात एकत्र आल्या, असे मानावे लागते.

या दोन्ही उदाहरणांत एक अट दडलेली आहे. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तरच त्या एकमेकींना खोडतात. प्लिमथला प्रत्येकाने आपली चिठ्ठी स्वतः भरली होती.

आणि सगळे एकाच दिशेने चुकले तर?

तर बेरीज केल्याने चूक कमी होत नाही, वाढते. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या निबंधाचे महत्त्व येथे आहे. माणसाच्या चुका विखुरलेल्या नसतात, त्यांना वळण असते, असे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. तेवढ्याच रकमेच्या नफ्याने जितका आनंद होतो, त्याहून तोट्याचे दुःख अधिक होते आणि आपण नफा की तोटा हे एखाद्या आधाराच्या आकड्यावरून ठरवतो.

हा आधाराचा आकडा किती जड असतो, हे सांगलीने जवळून पाहिले आहे. २०१० मध्ये हळदीचा भाव फार चढला आणि पुढच्या दोन वर्षांत तो निम्म्याहून खाली आला. उतरत्या काळात ज्यांनी माल शीतगृहात ठेवला, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात पुढच्या वर्षीच्या पिकाचा अंदाज नव्हता, तर गावात कोणीतरी घेतलेला आदल्या वर्षीचा सर्वांत वरचा भाव होता. त्या भावापेक्षा कमी घेणे म्हणजे पदरचे घालवणे, असे त्यांना वाटत होते. शेअर खरेदी किमतीच्या खाली गेला की ‘भाव परत येईपर्यंत विकणार नाही’ असे म्हणणारा नोकरदार आणि हा शेतकरी यांच्यात मी फरक करत नाही, आणि दोघांपैकी कोणालाही मूर्ख म्हणण्यास मी तयार नाही. ज्याच्या घरात नऊ महिन्यांच्या कष्टाचे एकच पीक येते, त्याने आशा धरून ठेवणे समजण्यासारखे आहे. परंतु समजण्यासारखी चूकही भावात चूक म्हणूनच उतरते.

मग भाव चुकला आहे हे ओळखणारे जाणकार तो लगेच दुरुस्त का करत नाहीत?

माझ्या मते या सगळ्या वादातील हाच मुख्य प्रश्न आहे. भाव बरोबर येण्यासाठी सगळी माणसे शहाणी असावी लागत नाहीत. ज्याला शंका आली आहे, त्याची शंका भावापर्यंत पोहोचण्याची वाट खुली असावी लागते. हळकुंड वाकलेले पाहणाऱ्या खरेदीदाराला खालची बोली लावता येत होती, म्हणून भाव सुधारला. ही वाट तीन प्रकारे बंद होते.

पहिला प्रकार म्हणजे विरोधात व्यवहारच करता येत नाही. २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातून उघडकीस आलेले कडकनाथ कोंबडीपालनाचे प्रकरण आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. पिल्ले आणि खाद्य पैसे देऊन घ्यायचे, आणि अंडी व वाढलेले पक्षी ठरलेल्या चढ्या भावाने परत घेतले जातील, असे ते आश्वासन होते. इतकी महाग अंडी अखेर खाणार कोण, हा प्रश्न त्या वेळीही अनेकांना पडला होता. माझ्या ओळखीच्या एका पशुखाद्य विक्रेत्याने तो गिऱ्हाइकांपुढे उघड बोलून दाखवला होता. पण शंका असलेल्याला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे घरी बसणे. त्याच्या घरी बसण्याने आश्वासनाचा भाव एका रुपयानेही उतरला नाही. भाव फक्त विश्वास ठेवणारेच ठरवत होते.

जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारातही असे घडले आहे. मार्च २००० मध्ये थ्रीकॉम या अमेरिकी कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे सुमारे पाच टक्के शेअर बाजारात आणले. उरलेले बहुतेक शेअर पुढे थ्रीकॉमच्याच भागधारकांना एका शेअरमागे सुमारे दीड या प्रमाणात मिळणार होते. पहिल्या दिवशी पाम ९५ डॉलरवर बंद झाला. म्हणजे थ्रीकॉमचा शेअर निदान १४२ डॉलरचा असायला हवा होता. तो बंद झाला सुमारे ८२ डॉलरवर. थ्रीकॉमच्या उरलेल्या सगळ्या धंद्याची किंमत शून्याहून खाली लावली गेली होती. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमला असता आणि वर्तमानपत्रांतून तो छापूनही आला होता. तरीही विसंगती अनेक आठवडे टिकली, कारण भाव पडेल असे वाटणारा शेअर उसना घेऊन विकतो आणि पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करतो, पण पामचे शेअर असे उसने मिळणे जवळजवळ अशक्य होते.

दुसरा प्रकार म्हणजे वाट खुली असते, पण पैसा तितके दिवस टिकत नाही. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाच्या भागीदारांपैकी रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते. ज्या किमतींतील फरक कधी ना कधी मिटलाच पाहिजे, अशा फरकांवर त्या फंडाने प्रचंड कर्जाच्या आधाराने पैसे लावले. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, घाबरलेल्या बाजारात ते फरक मिटण्याऐवजी रुंदावले आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या पुढाकाराने १४ वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालून तो फंड सावरावा लागला. आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी नेमका हाच धोका आदल्याच वर्षी एका निबंधात मांडला होता: भाव जितका अधिक चुकतो, तितका दुरुस्त करणाऱ्याचा तोटा वाढतो आणि त्याला पैसे देणारे तितक्याच घाईने पैसे काढून घेतात.

तिसरा प्रकार असा, की जाणकारालाच चूक दुरुस्त करण्यापेक्षा चुकीवर स्वार होणे फायद्याचे वाटते. फुगा आहे हे ओळखूनही, आपल्या मागे आणखी चढ्या भावाने घेणारा येईल या भरवशावर तो खरेदी करतो.

आपल्या शेअर बाजारात ही वाट कितपत खुली आहे?

मोठ्या कंपन्यांसाठी बऱ्यापैकी खुली आहे, लहान कंपन्यांसाठी जवळजवळ नाही. हातात शेअर नसताना विकायचा असेल, तर रोखीच्या बाजारात तो त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. शेअर उसने घेण्याची सोय २००८ पासून आहे, पण तिचा वापर तोकडा आहे. वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या देवघेवीचा भाव आजच ठरवणारे करार, निवडक कंपन्यांचेच होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये दुचाकींच्या दोन शोरूम असलेल्या दिल्लीच्या एका छोट्या कंपनीने सुमारे १२ कोटी रुपयांचे शेअर विक्रीस काढले, तेव्हा ४,७०० कोटींहून अधिक रुपयांच्या मागण्या आल्या. ज्यांना ती किंमत अवाजवी वाटली, त्यांचे मत त्या आकड्यात कोठेही नव्हते. म्हणून ‘भारतीय बाजार कार्यक्षम आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही.

४ जून २०२४ ला बाजार वेडा झाला होता का?

मतदानोत्तर चाचण्यांनंतर ३ जूनला सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढून ७६,४६९ वर बंद झाला. मतमोजणीच्या दिवशी तो ४,३९० अंकांनी कोसळून ७२,०७९ वर आला आणि ७ जूनला ७६,६९३ या तोपर्यंतच्या उच्चांकावर बंद झाला. चार दिवसांत देशातील कारखाने तेवढेच होते आणि पाऊसही तेवढाच होता. मग एवढी उलथापालथ कशासाठी, असे आमच्या वर्गात अनेकांनी विचारले.

एका बाजूचे म्हणणे असे, की सरकार कोणाचे आणि किती स्थिर, याविषयीची माहिती त्या चार दिवसांत खरोखर तीनदा बदलली, म्हणून भावही तीनदा बदलला. दुसरी बाजू म्हणेल, की कंपन्यांच्या पुढच्या वीस-तीस वर्षांच्या मिळकतीचा भाव एका दिवसात सहा टक्क्यांजवळ बदलावा इतके त्या दिवशी काहीच घडले नव्हते. रॉबर्ट शिलर यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतील दीर्घ काळाच्या आकडेवारीवरून हेच दाखवले होते: लाभांश जितका बदलतो, त्याच्या मानाने भाव कितीतरी जास्त हेलकावतो.

यांतले खरे कोणते, हे निव्वळ आकड्यांवरून ठरवता येत नाही. ‘योग्य भाव’ किती हे ठरवण्यासाठी लोक जोखमीची किंमत कशी लावतात याचे एखादे गणित आधी मानावे लागते. प्रत्यक्ष भाव त्या गणिताशी जुळला नाही, तर बाजार चुकला की आपले गणित चुकले, हे सांगता येत नाही. ही अडचण फामा यांनी स्वतःच मांडली. माझे स्वतःचे मत शिलर यांच्या बाजूला झुकते, पण ते मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

परस्परविरोधी मते असलेल्या फामा आणि शिलर यांना एकाच वर्षी नोबेल कसे दिले गेले?

२०१३ चे ते पारितोषिक लार्स पीटर हॅन्सन यांच्यासह तिघांना मिळाले. पुढच्या काही दिवसांतला भाव ओळखता येत नाही, हे फामा यांनी दाखवले. अनेक वर्षांच्या अंतराने पाहता फार चढलेला भाव पुढे कमी परतावा देतो, हे शिलर यांनी दाखवले. ही दोन विधाने एकमेकांना खोटे पाडत नाहीत. ‘उद्याचा भाव ओळखता येत नाही’ यावरून ‘आजचा भाव बरोबर आहे’ असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे आणि ही चूक शिकलेली माणसेही करतात.

बाजार चुकतो, तर त्या चुकांवर मला पैसे मिळवता येतील का?

मिळवता येतील असे वाटणे आणि मिळणे यांत फार अंतर आहे. भाव चुकलेला असणे पुरेसे नाही. तो कोणत्या दिशेने आणि कधी सुधारणार, हे समोरच्या व्यवहार करणाऱ्यापेक्षा आधी कळावे लागते. समोर बहुधा मोठी संस्था आणि तिचे संगणक असतात.

शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. अमेरिकेत ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६,४६५ कुटुंबांची खाती तपासली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले असताना सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्यांच्या पदरात ११.४ टक्के पडले. आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळते, या समजुतीची ती किंमत होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे हा वाक्प्रचार हळदीच्या या गावात मी वर्गात वारंवार वापरतो, कारण याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही.

सापडलेली चूकही फार दिवस टिकत नाही. डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पाँटिफ यांनी २०१६ मध्ये अशा ९७ संशोधित क्लृप्त्या तपासल्या. संशोधन प्रसिद्ध झाल्यानंतर त्यांतून मिळणारा जादा परतावा सरासरीने ५८ टक्क्यांनी घटला होता. टिप देणाऱ्यांचे सध्या समाजमाध्यमांवर पेव फुटले आहे. त्यांच्यापैकी एखाद्याजवळ खरोखर चालणारी क्लृप्ती असेल, तर ती हजारो लोकांना सांगण्याने ती स्वतःच नष्ट करेल, एवढा विचार ऐकणाऱ्याने करावा.

सगळी माहिती भावात आलेलीच असेल, तर कंपन्यांचा अभ्यास कोणी का करावा?

सॅनफर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९८० मध्ये हाच पेच मांडला. माहिती मिळवायला कष्ट आणि पैसा लागतो. त्याचा मोबदला मिळणार नसेल, तर कोणी ती मिळवणार नाही, आणि कोणीच मिळवली नाही तर ती भावात उतरणार नाही. म्हणून बाजार पूर्णपणे कार्यक्षम असूच शकत नाही. ढिगाच्या तळापर्यंत हात घालणाऱ्याला थोडा तरी फायदा व्हावाच लागतो.

मग सामान्य गुंतवणूकदाराने काय धोरण ठेवावे?

ज्याला ढिगाच्या तळापर्यंत हात घालण्यास वेळ नाही, त्याने कमी खर्चाचा निर्देशांक फंड, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातील सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, घ्यावा. यामागे बाजारावरील श्रद्धा नाही, साधी वजाबाकी आहे. विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये ती मांडली: सगळे मिळून बाजाराइतकेच मिळवतात, म्हणून जे जास्त खर्च करून व्यवहार करतात त्यांची सरासरी त्या खर्चाने खालीच राहणार. बाजार कितीही अविवेकी असला, तरी ही वजाबाकी बदलत नाही.

वायदेबाजार बंद केला तर सट्टा थांबून भाव स्थिर होणार नाहीत का?

ही मागणी आमच्याकडे शेतकरी आणि ग्राहक दोघेही करतात, अर्थात उलट्या कारणांसाठी. सट्ट्याने भाव काही काळ भलतीकडे जाऊ शकतो, हे मी नाकारत नाही. परंतु हळदीसारख्या पिकात आजचा भाव पाहून लावण केली जाते आणि माल येतो पुढच्या वर्षी. भाव चढला की सगळे लावतात, माल एकदम येतो, भाव पडतो, मग कोणी लावत नाही. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याची उपपत्ती म्हणतात. जॉन मूथ यांनी १९६१ मध्ये आक्षेप घेतला, की शेतकरी दर वेळी तीच चूक करत राहतील असे का धरावे. पुढे काय होणार याचा अंदाज ते स्वतःही बांधतील. तो अंदाज बांधायला आधार लागतो आणि पुढच्या महिन्यांचा जाहीर भाव हा असा एक आधार असतो. कापडाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी हत्ता पद्धत जाऊन उघड बोली आली, तेव्हा शेतकऱ्याला आजचा भाव दिसू लागला. वायद्यात त्याला उद्याबद्दलची लोकांची शंका आणि आशा दिसते.

डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू यांसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले आणि ती मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. हळद त्या यादीत नव्हती. त्यामुळे त्या स्थगितीच्या काळात मिरज तालुक्यातला हळद उत्पादक पुढच्या महिन्यांचा भाव मोबाइलवर पाहू शकत होता, आणि बांधाला बांध लागून असलेला सोयाबीनवाला जूनमध्ये पेरणी करताना ऑक्टोबरच्या भावाचा अंदाज गेल्या ऑक्टोबरवरून बांधत होता.